गोदाची सात वाक्यं

हे लिहायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलेलं. दोनदा कागद टाइपरायटरला लावला, दोनदा काढून घेतला. एक तर माझं कामच दुसऱ्याचं लिहिलेलं कमी करायचं. स्वतःचं काही वाढवून लिहायची सवय नाही. दुसरं म्हणजे ज्याच्या घरचं हे आहे तो विश्राम नको म्हणत होता. परवा तो हो म्हणाला.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ठाण्याला नौपाड्यात अण्णांचा छापखाना आहे. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही, त्यामुळे शाईच्या डब्यावरसुद्धा पिठाचा थर असतो. अण्णा मोठी पुस्तकं छोटी करून छापतात. शाळांच्या आणि वाचनालयांच्या ऑर्डरी असतात. मूळ पुस्तक केवढंही असो, अण्णांकडे ते एकशे ब्याण्णव पानांचं होतं. सोळा पानांचा एक फर्मा, असे बारा फर्मे, वर कव्हर, की झालं पुस्तक.

ही छाटणी मी करतो. मॅट्रिकला दोनदा आपटलेलो. जे काय शिकलो ते प्रुफं वाचता वाचता. लाल पेन्सिलीची रेघ म्हणजे गाळलं. निळी रेघ म्हणजे थोडक्यात पुन्हा लिहायचं. रेघेखाली टिंबं दिली की 'राहू दे, तसंच ठेवा'. उरलेलं मी मराठी टाइपरायटरवर साफ उतरवतो, दोन बोटांनी. मशीन जुनं आहे, जोर आला की पाच-सहा ओळी सटासट जातात, मग एखादी कळ अडकते आणि थांबावं लागतं. आत्ताही तसंच चाललंय. तो कागद कंपोझिटरकडे जातो. तो खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवतो, प्रूफ काढतो, मी वाचतो, मग छपाई. छापून झालं की खिळे घासलेटानं धुऊन आपापल्या खणात परत.

कंपोझिटर म्हणजे विश्राम. माझ्याच वयाचा, एकवीस-बावीसचा. राहायला कोपरला, खाडीच्या बाजूला. बाप मिठागरावर होता, आता नाही. घरी तो आणि आई, सखुबाई. मी डोंबिवलीत खोली घेऊन राहतो, म्हणून आमचं येणं-जाणं बरोबर. दोघांच्या डब्यातलं निम्मं निम्मं व्हायचं. माझ्या घरी मासळी चालत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो मुद्दाम सुकट आणायचा.

त्रेपन्नच्या फेब्रुवारीत अण्णांकडे एक हस्तलिखित आलं. हरिहर मास्तर म्हणून कोपरकडच्या शाळेत शिक्षक होते, ते वारलेले. त्यांच्या पत्नीनं वह्या आणून दिल्या. मिठागरं, खाडी, गाव, शाळा, वर्षावार आठवणी. साडेसातशे पानं. अक्षर सुंदर, एक खाडाखोड नाही. मला शंका तिथंच यायला हवी होती. माणूस लिहिताना खोडतोच.

मी वाचायला घेतलं. मध्ये मध्ये एक वाक्य यायचं. मास्तर मिठागराचं काहीतरी सांगत असायचे आणि मध्येच, 'बांधावर गोदा उभी होती.' बस. पुढच्या ओळीत परत मीठ. असं सात वेळा. शब्दसुद्धा तेच.

अण्णांना जाऊन सांगितलं.

"ही गोदा करते काय?" अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"उभी असते."

"सातही वेळा?"

"सातही वेळा."

"बोलत नाही, हसत नाही, मीठ ओढत नाही?"

"नाही."

"मग आनंदराव, तिला कागद कशाला घालताय? पात्रानं काही केलं नाही तर ते पात्र नव्हे, खांब. काढा."

सात ठिकाणी सात लाल रेघा. पाच मिनिटांचं काम. पुस्तक बरोब्बर बारा फर्म्यांत बसलं, मी खूश झालेलो.

त्याच दिवशी डबा खाताना विश्राम म्हणाला, "मास्तरांच्या वहीत आमची गोदा हाय ना रे?"

मी घास तसाच धरून बसलो. "तुमची?"

गोदा त्याची मोठी बहीण. एक्केचाळीसच्या वैशाखात, चौदा वर्षांची होती, बापाची भाकर घेऊन दुपारी मिठागरावर गेली. भाकर बांधावर सापडली, फडक्यात बांधलेली, गरम. गोदा सापडली नाही. खाडीत जाळी टाकून बघितलं. काही नाही. विश्राम तेव्हा नऊ वर्षांचा.

"ह्या वैशाखात बारा वर्षं पुरी होतात," तो म्हणाला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाची बाहुली करून तिला अग्नी द्यायचा, की तो माणूस गेला. भावकी मागं लागलेली. सखुबाई ऐकत नव्हती. गवताची पोर मी जाळणार नाही, म्हणायची. बारा वर्षं ती रोज दुपारी दार उघडं टाकून बसायची. शेतावर जायची नाही, नातेवाइकांकडे जायची नाही, विश्रामचं लग्न काढू द्यायची नाही. घरात सून आली आणि त्याच दिवशी गोदा आली तर?

"शेवटी मी तिला बोल्लो, आई, मास्तरांच्या पुस्तकात गोदाचं नाव छापतायत. मी सोता जुळवनार. तवा कुठं कबूल झाली. पुस्तक घरात आलं, तिचं नाव आलं, की मी तिला जाऊ देते, बोल्ली." त्यानं माझ्याकडे बघितलं. "ठेवलंयस ना तिला?"

"ठेवलंय की," मी म्हटलं.

खोटं बोललो. मनात होतं, कुठंतरी एक वाक्य परत घालू, बारा फर्म्यांत एक ओळ काही जड नाही. मग पुढच्या पुस्तकाची गडबड सुरू झाली आणि राहून गेलं. माझी चूक एवढीच, पण ती माझी आहे.

त्या संध्याकाळी मात्र वह्या परत उघडल्या. मास्तरांनी प्रत्येक वर्षाला एक प्रकरण दिलेलं. पहिली गोदा बेचाळीसच्या प्रकरणात. दुसरी त्रेचाळीसच्या. शेवटची पन्नासच्या. बेचाळीसच्या आधीच्या वर्षांत, म्हणजे ती गावात हिंडत-फिरत होती तेव्हा, मास्तरांनी तिचं नाव एकदाही लिहिलेलं नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं, म्हातारा माणूस, वर्षं सरमिसळ झाली असतील.

मार्चमध्ये दुसऱ्या फर्म्याचं प्रूफ आलं. ओलं होतं. मी वाचत गेलो आणि विसाव्या ओळीला की कुठं, जिथं पहिली लाल रेघ मारलेली, बरोबर तिथं ओळ होती:

'गोदा बांधावरून उतरली.'

मी माझा टाइप केलेला कागद काढला. त्यात नव्हती. मूळ वहीत बघितलं. तिथं रेघेखाली 'उभी होती'. उतरली कुठंच नव्हतं.

विश्रामनं टाकली, दुसरं काय. त्याला कळलं की मी तिला काढलंय, आणि तो असा टोमणा मारतोय. मी गेलो त्याच्याकडे. तो खण पुसत होता.

"राग आला असेल तर तोंडावर बोल ना. ही वाक्यं कशाला घुसवतोस?"

"कंची वाक्यं?"

प्रूफ दाखवलं. त्यानं वाचलं. मग परत वाचलं, बोट ठेवून.

"हे तू लिवलंस ना?" तो म्हणाला.

"मी नाही."

"मग मास्तरांनी?"

मी लाल पेन्सिल खिशात सरकवली. तेवढ्यावरून त्याला कळलं की मी तिला कापलेलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता फर्म्यावर वाकून जुळवलेले खिळे वाचायला लागला, उलटे, उजवीकडून, जसे ते वाचतात. मग मला म्हणाला, "तू पन बघ."

मी बघितलं. खिळ्यांत ती ओळ नव्हती. पानावर बत्तीस ओळी. प्रुफावरही बत्तीस. म्हणजे एक ओळ वाढली तर दुसरी कुठली तरी जायला हवी. मी तीन वेळा ताडून बघितलं. कुठली गेली ते अजून सापडलेलं नाही.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "काट मारा आणि पुढे चला. शाळा जूनला उघडतात, गोदाबाईंसाठी थांबत नाहीत." मी काट मारली. दुसऱ्या प्रुफात ओळ नव्हती. छापलं.

तिसऱ्या फर्म्यात: 'गोदा खाडीच्या वाटेनं निघाली.'

ह्या वेळेला मी विश्रामच्या शेजारी उभा राहून फर्मा वाचलेला, प्रूफ काढायच्या आधी. शाई मी फिरवली. कागद मी ठेवला. दुपारचे अडीच वाजलेले, खिडकीतून ऊन येत होतं, खाली गिरणी चालू होती. कागद उचलला आणि ओळ होती.

विश्राम म्हणाला, "खाडीच्या वाटेनं म्हंजे घराकडं."

पाचव्या फर्म्यात तिनं रेल्वेचे रूळ ओलांडले.

सहाव्यात: 'गोदानं विहिरीवर पाय धुतले.'

कोपरला गावाच्या तोंडाशी विहीर आहे. मिठागरावरून येणारं माणूस पायाचं मीठ तिथं धुतं. मग घर.

विश्राम चारही प्रुफं घरी नेत होता हे मला माहीत नव्हतं. त्यानं आईला वाचून दाखवलेली. पुस्तकात तिचं नाव आहे हे कळलं की आई सोडून देईल, असं त्याला वाटलं. त्याचं चुकलं म्हणता येत नाही. ठरलं तसंच तो करत होता.

एप्रिलच्या एका रविवारी त्यानं मला कोपरला बोलावलं. आई तुला बघायचं म्हणतेय, म्हणाला. दुपारी गेलो. घर छोटं, कौलारू, शेणानं सारवलेलं. आळीत पाच घरं, त्यांचं शेवटचं. दार सताड उघडं. सखुबाई उंबऱ्याच्या आत सुकट निवडत बसलेली. चेहऱ्यावर असं काही तेज, की मला वाटलं हिची मुलगी कालच सासरहून आली असेल.

"तूच का कापनारा?"

"हो काकी."

"किती ठिकानी कापलीस माज्या पोरीला?"

मी मान खाली घातली. "सात ठिकाणी. चार छापून झाली."

"म्हंजे तीन राहिली."

"हो. पण मी ती परत घालतो काकी. चूक झाली माझी. नाव राहील तिचं पुस्तकात."

"नको!" तिच्या हातातलं सूप हललं. "परत कशाला घालतोस रं? मास्तरानं तिला बारा वर्सं उन्हात उभी केली. पाय दुखलं असतील पोरीचं. तू रेघ मारलीस तवा सुटली ती. आता काप बाला, बाकीची पन काप. थांबू नको."

तिनं मला गुळाचा खडा दिला आणि पाणी. उंबऱ्यावर एक भरलेला तांब्या ठेवलेला. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "तो नको. तो पाय धुवाला."

परत येताना विश्राम रुळांपर्यंत आला.  मग म्हणाला, "आनंद, उभी कर तिला."

"आई तर म्हणतेय..."

"आई आई हाय. तिला चौदा वर्सांची पोर दिसते, भाकर घेऊन गेलेली. मी मोजतो रे. आज ती सव्वीसची पायजे. विहिरीवर पाय धुतले ती चौदाची होती का सव्वीसची? बारा वर्सं एका जागी उभी राहून, ना खानं, ना पिनं, जी चालत येते ती कोन?" त्यानं माझा दंड धरला. "गेली ती माजी बहीन होती. येते ती कोन हाय मला ठाव नाय. तिला बांधावर ठेव. मी पाया पडतो."

सोमवारी सकाळी वह्या काढल्या. उरलेल्या तिन्ही लाल रेघांखाली टिंबं दिली. राहू दे. तसंच ठेवा. ती पानं पुन्हा टाइप केली, 'बांधावर गोदा उभी होती', तीनदा, कळ न अडकता. अण्णा ओरडले, ओळी वाढतात म्हणून. मी माझ्या आवडीचा एक परिच्छेद काढून टाकला आणि जागा केली.

आठवा फर्मा विश्रामनं जुळवला. मी खिळे वाचले. गो. दा. उभी. सगळं जागेवर.

प्रूफ काढलं.

'बांधावर कोणी नव्हतं.'

विश्रामनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. 

दहाव्या फर्म्यात पण तेच. बांधावर कोणी नव्हतं. टिंबं देऊन रेघ परत घेता येते, पण निघालेलं माणूस मागं फिरत नाही, एवढं मला तेव्हा समजलं.

राहिला बारावा. शेवटचं प्रकरण, सन पन्नास. त्यात सातवं वाक्य.

त्या दिवशी मला ताप होता, मी घरी. विश्रामनं एकट्यानं जुळवला. एकट्यानं प्रूफ काढलं. अण्णांनी मला नंतर सांगितलं, की तो कागद हातात घेऊन पाच-दहा मिनिटं खिडकीशी उभा होता, मग त्यानं न विचारता फर्मा सोडला. सगळे खिळे, शाई न धुता, ज्या त्या खणात टाकले. अण्णांच्या तीस वर्षांत असं कुणी केलेलं नाही. अण्णा त्याला हाकलणारच होते.

मी ताप घेऊन आलो आणि अण्णांना म्हटलं, शेवटचं प्रकरण गाळू. पन्नास सालात मास्तरांनी काही नवीन सांगितलेलं नाही, सगळी पुनरुक्ती आहे. हे खोटं होतं. ते प्रकरण सगळ्यात चांगलं होतं.

अण्णा म्हणाले, "अकरा फर्म्यांचं पुस्तक? एकशे शहात्तर पानं? लोक म्हणतील अण्णांनी वाचकाला फसवलं."

"म्हणू दे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग विश्रामकडे. मग म्हणाले, "बरं. कुणी विचारलं तर संक्षिप्त म्हणू. संक्षिप्तच आहे." ते प्रकरण मी वह्यांतून सोडवलं, सुतळीनं बांधलं आणि मास्तरांच्या पत्नीला परत नेऊन दिलं. त्यांनी तिथल्या तिथं चुलीत घातलं.

मेमध्ये पुस्तक आलं. त्यात गोदाचं नाव एकदाही नाही. विश्रामनं एक प्रत घरी नेली, "हाय तिचं नाव" म्हणून आईच्या हातात दिली. सखुबाईला वाचता येत नाही. तिनं पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि फळीवर ठेवलं. बाहुलीचा विधी झाला नाही. भावकीनं बोलणं सोडलं. बारा वर्षं पुरी होऊन आता दोन महिने झालेत.

परवा डबा खाताना विश्राम स्वतःहून म्हणाला, "लिही तू ते."

"का रे? तूच नको म्हणत होतास."

"गावात बोलतात सखुबाईचं डोकं फिरलं. फिरलं नाय, हे कुठंतरी कागदावर राहू दे. चार प्रुफं तू वाचलीस, मी वाचली." त्यानं भाकर मोडली, माझ्यासमोर ठेवली. सुकट आणलेली नव्हती. बऱ्याच दिवसांत त्यानं आणलेली नाही.

"आई कशी आहे?"

"बरी हाय. हसते. सकाली तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवते." त्यानं डबा बाजूला सारला. "दुपारी मी बघितलं तर रिकामा असतो. आई बोलते उन्हानं आटतं."

"आटत असेल."

"पाऊस चालू हाय रे आनंद. ऊन कुठंय?"

खाली गिरणी बंद झाली. एकदम शांत झालं. आणि मग त्यानं मला बाराव्या फर्म्याच्या प्रुफात काय होतं ते सांगितलं. सातवं वाक्य. मी न विचारता त्यानंच सांगितलं, हळू, माझ्या कानाशी, जेवणाच्या हातानं तोंड झाकून. चार शब्दांचं होतं. ते प्रूफ त्यानं जाळलं. फर्मा सुटला. वही चुलीत गेली. आता ते फक्त त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे.

"तू सगलं लिही," तो म्हणाला. "मी खोटं बोल्लो ते, तू खोटं बोललास ते, आई जे बोल्ली ते. पन ती विहिरीवर हाय तिथवरच. त्याच्या पुढं एक अक्षर नाय. कागदावर नसलं तर ती तिथंच थांबेल. थांबेल ना?"

मला माहीत नाही. तसं त्याला म्हटलं नाही.

त्यानं हात पुढे केला, भाकरीच्या पिठानं पांढरा झालेला. मी हातावर हात ठेवला आणि सांगितलं, तुझ्या आईची शपथ, विहिरीच्या पुढचं मी कधीच लिहिणार नाही.